गाळाशी झुंजणारे बंदर

प्रवासाला निघणाऱ्या माणसांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. देवळे, राजवाडे आणि थंड हवेची ठिकाणे पाहणारांचा वर्ग मोठा. दुसरा वर्ग अगदी लहान. त्यातली माणसे परगावी गेली, की मंडई कुठे भरते, मालधक्का कुठे आहे, नदीवरचा पूल कोणी बांधला याची चौकशी करीत हिंडतात आणि बरोबरच्या मंडळींचा रोष ओढवून घेतात. मी या दुसऱ्या वर्गातला. केरळात जाऊन येणारे बहुतेक लोक होडीघरांत बसून येतात, चहाचे मळे पाहून येतात. मी मात्र गेल्या हिवाळ्यात तिथे गेलो आणि पाचही दिवस कोचीच्या बंदरात काढले. शहराचे नाव आता कोची झाले असले, तरी बंदराच्या नावात अजून ‘कोचीन’च आहे, म्हणून या लेखात दोन्ही नावे आली, तर वाचकांनी गोंधळू नये.

बंदरे मी पूर्वीही पाहिली होती. पण आपल्या मुंबईची गोष्ट वेगळी. मुंबईला निसर्गाने आयता आडोसा दिला. बेटांच्या कुशीत शांत पाणी दिले. कोचीला निसर्गाने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने दार लावून घेतले. ते दार माणसाने उघडले. पण एकदा उघडून भागले नाही. ते रोज, अक्षरशः रोज, उघडे ठेवावे लागते. ही झुंज कशी चालते आणि तिचे मोल कोण देतो, ते पाहण्याची मला फार दिवसांची उत्सुकता होती.

या खेपेस हौसेला एक कौटुंबिक निमित्तही मिळाले. माझा भाचा समुद्रातला गाळ उपसणाऱ्या जहाजावर अधिकारी आहे. त्याचे जहाज त्या दिवसांत कोचीच्या वाटेवर काम करीत होते, आणि पाळी बदलल्यामुळे तो आठवडाभर किनाऱ्यावर होता. निघण्याच्या आदल्या दिवशी माझी धाकटी बहीण, म्हणजे त्याची आई, घरी आली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “दादा, त्याला जरा समजावून सांग. पुण्यात काय कमी नोकऱ्या आहेत? माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल.”

तिच्या भीतीला कारण होते. २०२५ च्या मे महिन्यात ‘एमएससी एल्सा ३’ हे मालवाहू जहाज विझिंजमहून कोचीकडे येताना भर समुद्रात कलंडले आणि २५ मे रोजी बुडाले. जहाजावरची चोवीसही माणसे वाचली. पण सहाशे चाळीस कंटेनर गेले, त्यांतले काही फुटले, आणि प्लॅस्टिकचे बारीक मणी केरळच्या किनाऱ्यावर साबुदाण्यासारखे पसरले. घाबरलेल्या गिऱ्हाइकांनी मासळी घेणे सोडले आणि कोळ्यांच्या चुली मंदावल्या. बहिणीने ती चित्रे दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिली, तेव्हापासून तिची झोप उडाली होती. तेव्हा आम्ही उभयता नेत्रावती एक्सप्रेसमध्ये बसलो ते माझी हौस आणि बहिणीचा निरोप, अशी दोन ओझी घेऊन.

महापुराने दिलेले तोंड

एर्नाकुलमला उतरल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की या गावात जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते हे सांगणे कठीण. जिकडे पाहावे तिकडे खाडी, बेट, पूल आणि नाव. पेरियार, मूवाट्टुपुळा, मीनच्चिल, मणिमला, पंबा आणि अच्चनकोविल अशा सहा नद्यांचे पाणी वेंबनाडच्या विस्तीर्ण सरोवरात जमते आणि समुद्राला भेटायला वाट शोधते. ही वाट फोर्ट कोची आणि वायपीन बेट यांच्यामध्ये आहे. रुंदी अर्ध्या किलोमीटरच्या आतबाहेर. एवढ्याशा खिंडीतून जगभरची जहाजे ये-जा करतात.

आणि हे तोंड तरी जुने कुठे आहे? त्याच्या उत्तरेला कोडुंगल्लूरजवळ मुझिरिस नावाचे प्राचीन बंदर होते. रोमन व्यापारी तिथे सोने देऊन मिरी नेत. १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला. मुझिरिसचे तोंड गाळाने बुजले आणि इकडे कोचीचे तोंड उघडले, असे सांगतात. एका पुराने एक बंदर मारले आणि दुसरे जन्माला घातले. बंदराच्या आयुष्याचा भरवसा किती, याचा हा धडा कोचीच्या जन्मकुंडलीतच लिहिलेला आहे.

मग मिरीच्या वासावर सारे जग आले. पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल १५०० साली आला. १५०३ साली पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधला. वास्को द गामा १५२४ साली याच गावी वारला आणि येथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरले. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. १६६३ साली डच आले, १७९५ साली इंग्रज आले. धनी बदलत गेले. पण सगळ्यांपुढे अडचण एकच राहिली. खाडीच्या तोंडाशी, समुद्राच्या बाजूला, वाळूचा एक दांडा आडवा पडलेला होता. आत तळ्यासारखे शांत पाणी, बाहेर खवळता समुद्र, आणि मध्ये हा उंबरठा. लहान गलबते भरतीबरोबर आत येत. मोठ्या आगबोटी मात्र बाहेर उघड्या समुद्रात नांगर टाकून उभ्या राहत. माल पडावांतून न्यायचा-आणायचा. पावसाळा लागला, की तेही जवळजवळ बंद. अंगणात विहीर असावी आणि तिच्यावर दगडी झाकण असावे, तशी कोचीची गत होती.

वाळूतून निघालेले बेट

हे झाकण काढणारा माणूस १९२० साली कोचीला आला. त्याचे नाव रॉबर्ट ब्रिस्टो. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या कारकिर्दीत या इंग्रज इंजिनियराची येथे नेमणूक झाली. वाळूचा दांडा कापायचा म्हटल्यावर नाना शंका निघाल्या. दांडा कापला तर लाटा थेट आत शिरतील, वायपीनचा किनारा वाहून जाईल, कापलेली वाट पुढच्याच पावसाळ्यात बुजेल, असे म्हणणारे पुष्कळ. ब्रिस्टोने घाई केली नाही. लाटा, वारे, भरती-ओहोटी, गाळाचे येणे-जाणे यांचा त्याने अभ्यास केला, आणि ढासळणाऱ्या किनाऱ्यावर दगडांचे बांध घालून समुद्राची चाल पारखली. या किनाऱ्यावर पावसाळ्यात चिखलाचे थर समुद्रात अशा काही रीतीने साचतात, की त्यांच्यावरचे पाणी तेवढ्यापुरते निवांत होते आणि मासळी तिथे गोळा होते. कोळी लोक या पर्वणीला ‘चाकरा’ म्हणतात. ब्रिस्टोने पुढे या चिखलाच्या थरांवर एक ग्रंथच लिहिला. १९३८ साली तो प्रसिद्ध झाला.

राजकीय उंबरठा वाळूच्या उंबरठ्याहून लहान नव्हता. फोर्ट कोचीचा तुकडा मद्रास सरकारचा, भोवतालचे पाणी आणि जमीन कोचीन संस्थानची, शेजारचा प्रदेश त्रावणकोर संस्थानचा. जकातीचा वाटा कोणाला किती, यावर कागदांचे ढीग साचले. आपल्याकडे तीन भावांच्या सामाईक वाड्याची डागडुजी कशी रखडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या प्रकरणाची कल्पना सहज येईल.

अखेर समेट झाला. ‘लॉर्ड विलिंग्डन’ नावाचे गाळ उपसणारे जहाज १९२६ साली येऊन दाखल झाले आणि रात्रंदिवस काम सुरू झाले. पण उपसलेल्या मातीचे करायचे काय? येथे खरी अक्कल दिसते. ती माती समुद्रात न फेकता वेंदुरुत्ती नावाच्या लहानशा बेटालगत टाकली आणि तीतून तीन चौरस किलोमीटरांहून मोठे नवे बेट उभे केले. जहाजांना वाट करून देताना निघालेल्या मातीवरच धक्के, गुदामे, रेल्वे स्टेशन, कचेऱ्या असे सगळे बंदर वसले. तेच आजचे विलिंग्डन बेट. १९२८ साली ‘पद्मा’ नावाची आगबोट या नव्या वाटेने आत शिरली. ती आपल्या मुंबईहून कोलंबोला निघालेली होती, हे वाचून मला उगाचच अभिमान वाटला. १९३६ साली कोचीन हे प्रमुख बंदर म्हणून जाहीर झाले. ब्रिस्टो १९४१ पर्यंत येथे होता.

रोजची झाडलोट

बंदराच्या आवारात वाटेल त्याला शिरता येत नाही. परवाना लागतो, ओळखपत्र लागते, डोक्यावर कडक टोपी आणि अंगावर भडक रंगाचे जाकीट चढवावे लागते. तो वेष करून मी धक्क्यावर उभा राहिलो, तेव्हा सौ. म्हणाली, “आता रस्त्यावर उभे राहा, म्हणजे मोटारी आपोआप थांबतील.”

भाचा मोठ्या उत्साहाने सगळे समजावून देत होता. जहाज बंदराजवळ आले, की कप्तान कितीही मुरलेला असो, तो एकटा आत येत नाही. बंदराचा पायलट, म्हणजे पाण्यावरचा वाटाड्या, लहान नावेतून बाहेर जातो, हलत्या दोरशिडीवरून जहाजावर चढतो, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे जहाज चालते. आत आल्यावर टगबोटी त्या अजस्र जहाजाला ढकलत-ओढत धक्क्याला लावतात. लग्नघरी मामाने नवरीला बोहल्याशी आणून उभे करावे तसा हा प्रकार.

“पण मामा, या सगळ्याच्या आधी खाली पाणी हवं,” भाचा म्हणाला. “ते आमचं काम.”

गोष्ट अशी आहे, की समुद्राचा तळ काही फरशी नव्हे. पावसाळ्यात लाटा तळचा चिखल ढवळतात आणि तो या कापलेल्या वाटेत येऊन बसतो. वरून सहा नद्या आपला वाटा आणून टाकतात. मुंबईला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरांचा फरक पडतो. म्हणून तिथल्या जुन्या गोद्यांना दरवाजे करून आत पाणी कोंडून ठेवावे लागले. कोचीला हा फरक जेमतेम मीटरभर. त्यामुळे दरवाजे नकोत ही सोय. पण भरतीची वाट पाहून खोल बसणारे जहाज आत घ्यावे, तर तेही फारसे जमत नाही. जी खोली हवी ती खणूनच मिळवावी लागते.

भाच्याचे जहाज हेच करते. त्याच्या कुशीला एक लांबलचक नळ असतो. जहाज सावकाश चालत असताना हा नळ तळाशी सोडतात आणि हत्तीने सोंडेने पाणी ओढावे तसा गाळपाण्याचा लोट पोटातल्या हौदात ओढून घेतात. हौद भरला, की जहाज ठरवून दिलेल्या जागी खोल समुद्रात जाते, तळाची दारे उघडते, ओझे टाकते आणि पुन्हा माघारी येते. रात्र नाही, दिवस नाही, रविवार नाही, दिवाळी नाही.

“आणि तुम्ही थांबलात तर?” मी विचारले.

“एक पावसाळा थांबलो, तर मोठी जहाजं बाहेरच उभी राहतील, मामा. घर झाडून कोणी बक्षीस देत नाही. पण चार दिवस झाडलं नाही, तर सगळ्यांना कळतं.”

हे ऐकून सौ.ने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक संसारी वाचकाला ती ओळखीची आहे.

पेट्यांचे राज्य

विलिंग्डन बेटासमोर खाडीपलीकडे वल्लारपाडम बेट आहे. तिथे ११ फेब्रुवारी २०११ रोजी तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते कंटेनरांच्या नव्या बंदराचे उद्घाटन झाले. सहाशे मीटर लांबीचा धक्का, साडेचौदा मीटर खोल बसणाऱ्या जहाजांसाठी खणलेली वाट, आणि त्यासाठी मुद्दाम टाकलेला लोहमार्ग. या मार्गावरचा वेंबनाडचा पूल साडेचार किलोमीटरांहून लांब आहे. आम्ही नावेतून जाताना पाहिले, तर आकाशाला भिडलेल्या यारी एकेक पेटी उचलून जहाजावर रचीत होत्या. लाल, निळ्या, हिरव्या पेट्या. लहान मुलाने ठोकळे रचावेत तशा.

या पेटीचा जन्म १९५६ सालचा. माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन मालवाहतूकदाराने त्या वर्षी अठ्ठावन्न पेट्या एका जहाजावर घालून नूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या आणि दर्यावरच्या व्यापाराचे रूपच पालटले. पूर्वी जहाजातले प्रत्येक पोते, प्रत्येक पिंप माणसाच्या पाठीवरून जाई. आता कारखान्यात पेटी बंद होते ती गिऱ्हाइकाच्या दारी उघडते. भारतात कंटेनरांचे पहिले जहाज आले ते १९७३ साली, आणि तेही कोचीनलाच. ज्या धक्क्यावर पूर्वी शेकडो माणसांची झुंबड असे, तिथे मी गेलो तेव्हा मोजून पाचसात डोकी दिसली. काम मात्र शेकडोंचे होत होते.

वल्लारपाडमला दर्यावर्दी लोकांचे श्रद्धास्थान असलेले मोठे चर्च आहे. सर्व धर्मांची माणसे तिथे दिवा लावतात. आम्हीही लावला. पायऱ्या उतरताना भाचा म्हणाला, “मामी, या नव्या बंदराची दुसरीही बाजू आहे बरं का.” आणि मग त्याने जे सांगितले, ते येथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बंदराकडे जाणारे रस्ते आणि लोहमार्ग यांच्यासाठी मूलमपिल्ली आणि आसपासच्या गावांतली ३१६ कुटुंबे उठवली गेली. ६ फेब्रुवारी २००८ रोजी मूलमपिल्लीत घरांवर यंत्रे चालली. लोकांनी आंदोलन केले, सरकारने पुनर्वसन जाहीर केले. पण ज्या जमिनी दिल्या त्यांतल्या कित्येक दलदलीच्या, घर पेलू न शकणाऱ्या निघाल्या आणि अनेकांची वर्षेच्या वर्षे भाड्याच्या खोलीत गेली. साडेचौदा मीटरांची खोली आपण नकाशावर वाचतो. तिचा हिशेब करताना ही घरेही धरावी लागतात.

फेकलेला बिल्ला

चौथ्या दिवशी आम्ही मट्टांचेरीत गेलो. येथे मिरी-सुंठीची जुनी गुदामे आहेत आणि गल्लीत शिरताच मसाल्याचा घमघमाट नाकात शिरतो. आपल्या लोकांसाठी येथे आणखी एक नवल आहे. गोव्याहून सोळाव्या शतकात निघालेले कोकणी सारस्वत येथे येऊन वसले. त्यांचे तिरुमला देवस्थान आजही गजबजलेले आहे. देवळाबाहेर पापड विकणाऱ्या एका वृद्ध बाईंनी सौ.चे बोलणे ऐकले आणि “तुम्मी खंयचे?” असे विचारले, तेव्हा एक हजार किलोमीटरांवर माहेरचे माणूस भेटल्यासारखे तिला झाले. भाषेतले निम्मे शब्द कळले, उरलेले पापडांनी समजावले.

याच समाजातल्या रंग भट, विनायक पंडित आणि अप्पु भट या तीन वैद्यांनी डच अधिकारी व्हान ऱ्हीड याला मलबारच्या वनस्पतींची माहिती देण्यास साहाय्य केले. ‘हॉर्टुस मलाबारिकुस’ हा तो बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला, आणि त्याच्या पहिल्या खंडात या तिघांचे कोकणी निवेदन नागरी अक्षरांत आहे. नागरी लिपी छापून निघाल्याचे इतके जुने नमुने फार थोडे आहेत. त्या ग्रंथातले ज्ञानही असेच या बंदरातून मिरीबरोबर जहाजात चढले.

गुदामांच्या मागच्या अंगाला एक चहाचे दुकान होते. तिथे बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. पूर्वी ते धक्क्यावर माल चढवीत. भाच्याला कामापुरती मलयाळम येते, तो दुभाषा झाला. मी विचारले, “पूर्वी काम कसे मिळायचे?” त्यांनी खिशातून एक नाणे काढले, हवेत उडवले, ते जमिनीवर खणकन पडले आणि ते नुसते आमच्याकडे पाहत राहिले.

मग त्यांनी सांगितले, ते त्यांच्या वडिलांच्या वेळचे होते. पहाटे कामगारांचा जमाव मुकादमापुढे गोळा होई. काम शंभरांचे आणि माणसे त्याच्या कितीतरी पट. मुकादम धातूचे बिल्ले त्या गर्दीत फेकी. या बिल्ल्याला ‘चाप्पा’ म्हणत. ज्याच्या हाती चाप्पा लागला, त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटायची. मग भाऊ भावाच्या अंगावर पडे, दोस्त दोस्ताचा हात पिरगळी. कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी माणसांना मजुरी टाकली जाई.

याविरुद्ध कामगार उठले. काम वाटण्याचा अधिकार कंत्राटदाराच्या हाती नको, अशी त्यांची मागणी होती. १५ सप्टेंबर १९५३ रोजी मट्टांचेरीत पोलिसांनी गोळीबार केला. कामगार मृत्युमुखी पडले. गोदी कामगारांना नियमित काम मिळावे म्हणून १९४८ साली देशात कायदा झालेला होता. पण कायदा कागदावरून धक्क्यावर उतरायला माणसांचे रक्त सांडावे लागले. आपल्याकडेही माथाडी कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला, तो अशाच झगड्यातून. ‘तुरमुखम’ या २०२३ सालच्या मलयाळम चित्रपटात ही चाप्प्याची हकीकत आली आहे. ‘तुरमुखम’ म्हणजे बंदर.

“तुमच्या वाट्याला चाप्पा आला नाही, हे बरे झाले,” मी निघताना म्हणालो.

म्हातारबांनी उत्तर दिले, ते भाच्याने जसेच्या तसे सांगितले: “आम्हाला कार्ड मिळाले, पगार मिळाला. मग पेट्या आल्या. माझ्या मुलाला कार्डही नाही आणि चाप्पाही नाही. तो आखाती देशात आहे.”

चहाचे पैसे त्यांनी आम्हाला देऊ दिले नाहीत.

बेटावरची एस. टी.

शेवटच्या दिवशी लक्षद्वीपला जाणारे जहाज सुटताना पाहिले. आपल्याला जहाज म्हणजे चैन वाटते. त्या बेटांवरच्या लोकांना ती एस. टी. आहे. कोणी एर्नाकुलमच्या इस्पितळातून बरे होऊन परत निघालेले, कोणी कॉलेजची मुले, कोणी लग्नाचा बस्ता बांधून निघालेले. भाजीच्या करंड्या, फरशा, गाद्या, सायकली. एका बाईच्या हाती औषधांची पिशवी होती आणि ती तिने वाटभर छातीशी धरली होती. भाचा हळूच म्हणाला, “मामी, हीसुद्धा आम्ही साफ केलेल्या वाटेनंच जाते.”

बहिणीचा निरोप माझ्या खिशात पाच दिवस तसाच पडून होता. त्या संध्याकाळी फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर बसलो असता मी तो त्याला सांगितला. समोर चिनी जाळी पाण्यात उतरत होती, वर येत होती; दगडांच्या तोलावर ती प्रचंड चौकट चारपाच माणसे मिळून खालीवर करीत होती. भाचा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मामा, आईला भीती वाटते ते मला कळतं. मलाही वाटते. एल्सा बुडालं त्या रात्री मीही झोपलो नव्हतो. पण पुण्यात बसून मी जे करीन, ते माझ्याऐवजी दुसरा कोणीही करील. इथं मात्र आम्ही मोजून थोडी माणसं आहोत. आईला सांगा, दर दोन महिन्यांनी घरी येईन; रोज फोन करीन.”

मी मामा असल्यामुळे काहीतरी उपदेश करणे भाग होते, पण सौ.ने माझ्या आधी तोंड उघडले. “फोन रोज कर म्हणजे झालं,” ती म्हणाली, आणि पिशवीतला लाडवांचा डबा त्याच्या हाती दिला. पुण्यास परतल्यावर बहिणीला मी सगळे सांगितले. बिल्ल्याचे, औषधांच्या पिशवीचे, साऱ्याच गोष्टींचे. ती रडली नाही. तिने एवढेच विचारले, “लाडू पुरतील ना रे त्यांना? जहाजावर माणसं किती असतात?”

आता बंदराचे पुढे काय, हा प्रश्न उरतो. कोचीच्या दक्षिणेस तिरुवनंतपुरमजवळ विझिंजमचे नवे बंदर २ मे २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. तिथे किनाऱ्यालगतच अठरा ते वीस मीटरांची नैसर्गिक खोली आहे, आणि जगातली सर्वांत मोठी कंटेनर-जहाजे तिथे लागू लागली आहेत. भारताचा जो माल कोलंबोला, सिंगापूरला जाऊन जहाज बदलतो, तो आपल्याकडे वळावा म्हणून वल्लारपाडम बांधले. आता शेजारीच तगडा भागीदार उभा राहिला आहे. जहाज कोणत्या बंदराला लावायचे, हे दूर कुठेतरी कंपनीच्या कचेरीत ठरते. त्या कचेरीतून जेव्हा बिल्ला फेकला जातो, तेव्हा आता बंदरेच गर्दीत हात वर करून उभी असतात.

तरी मला कोचीची काळजी वाटत नाही, असे म्हणावेसे वाटते. तेलाची जहाजे आहेत, चहा, मसाले, काथ्या आणि मासळी आहे. शेजारच्या जहाजबांधणी कारखान्यात बांधलेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका २०२२ साली नौदलात दाखल झाली आहे. शिवाय लक्षद्वीपच्या त्या बाईला विझिंजमचा काय उपयोग? पण भरवसा मात्र देता येत नाही, कारण मुझिरिसलाही एके काळी असेच वाटले असेल.

म्हणून केरळास जाणाऱ्या वाचकांना माझी एक सूचना आहे. होडीघर जरूर घ्या, चहाचे मळे जरूर पाहा. पण एक संध्याकाळ फोर्ट कोचीच्या किनाऱ्यासाठी राखून ठेवा. काळोख पडला, की समुद्रातल्या वाटेवर दूर एक दिव्यांचे जहाज सावकाश जाताना दिसेल. ते प्रवाशांचे नाही, मालाचेही नाही. ते कोणालाच कुठे नेत नाही. बाकीच्यांना जाता यावे म्हणून तेवढेच पाणी ते पुन्हा पुन्हा झाडीत असते.